शाहीर अमर शेख : बार्शीच्या गिरणीतून उठलेला आवाज

ऑगस्ट महिना आला की मोबाईलवर एक आठवण हमखास फिरते. १९६९ साली १५ ते १८ ऑगस्टदरम्यान अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एका शेतावर वुडस्टॉकचा संगीत महोत्सव झाला आणि लाखो तरुण पावसाचिखलात गाणी ऐकत बसले. त्याच महिन्याच्या ८ तारखेला बीटल्सच्या चौघांनी लंडनमध्ये झेब्रा क्रॉसिंगवरून चालतानाचा तो प्रसिद्ध फोटो काढून घेतला. आपले तरुण कार्यकर्तेही ही माहिती आवडीने पुढे पाठवतात, आणि त्यात वावगे काही नाही. जगाचे संगीत आपलेही आहे. पण त्याच ऑगस्टच्या २९ तारखेला आपल्या सोलापूर जिल्ह्याचा एक शाहीर मोटार अपघातात गेला. मैदानावर जमलेल्या हजारोंना आपल्या आवाजाने धरून ठेवणारा माणूस तो. त्याची आठवण मात्र आमच्या मोबाईलवर कधी आली नाही. त्यांचे नाव शाहीर अमर शेख.

१९६९ हे वर्ष महाराष्ट्राला फार महाग पडले. १३ जूनला आचार्य अत्रे गेले, १८ जुलैला अण्णाभाऊ साठे गेले आणि २९ ऑगस्टला अमर शेख. बरोबर अकरा आठवड्यांत संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले तीन मोठे आवाज थांबले. अत्र्यांच्या नावाने सभागृहे आहेत. अण्णाभाऊंची जयंती आज गावोगावी होते आणि ती व्हायलाच हवी. अमर शेखांचे काय झाले, हा प्रश्न आम्हाला आज विचारायचा आहे. त्याआधी त्यांचे आयुष्य समजून घेऊ.

त्यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीत झाला. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. घरी गरिबी होती, पण आई मुनेरबी यांच्याकडे ओव्यांचे आणि लोकगीतांचे मोठे धन होते. मुसलमान घरातल्या या बाईच्या तोंडी अस्सल मराठी ओवी होती. मेहबूबच्या कानावर पहिले संस्कार त्या ओवीचे झाले. गाणे शिकायला ते कोणत्या गुरूकडे गेले नाहीत, ते त्यांना घरातच मिळाले.

ते वाढत होते तो काळ आपल्या जिल्ह्यासाठी धामधुमीचा होता. १९२४ च्या मे महिन्यात बार्शीतच बहिष्कृत वर्गाची परिषद भरली आणि तिला बाबासाहेब आले. तेव्हा मेहबूब जेमतेम सात वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी झाली. त्या चौघांची नावे एका ओळीत वाचली की सोलापूरचा स्वभाव कळतो. मेहबूब तेव्हा चौदा वर्षांचे होते.

पोटासाठी त्यांनी मोटारगाडीवर क्लिनर म्हणून काम केले, मग गिरणीत लागले. गिरणीत काम करणाऱ्याला मालक आणि मजूर यांतले अंतर पुस्तकातून शिकावे लागत नाही. कामगारांच्या संपात ते उतरले आणि तुरुंगात गेले. विसापूरच्या तुरुंगात त्यांची साम्यवादी विचारांशी ओळख झाली. बाहेर आल्यावर ते कोल्हापूरला मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत कामाला होते. अमर शेख हे नाव त्यांना तिथे मिळाले. पहिला शब्द एका समाजाचा आणि दुसरा दुसऱ्या समाजाचा. आज अशा नावाच्या माणसाला शहरात भाड्याने घर मागायला गेल्यावर काय काय विचारले जाईल, हे आपल्याला सांगायला नको.

पुढे मुंबई. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. वाटेगावचा मातंग समाजातला मुलगा, बार्शीचा मुसलमान गिरणी कामगार आणि त्यांचा तिसरा सोबती, अशी ही जोडणी होती. अण्णाभाऊंची लेखणी आणि अमर शेखांचा पहाडी आवाज एकत्र आला की परळ-लालबागची मैदाने भरून जात.

हे कलापथक आभाळातून पडलेले नव्हते. जोतीराव फुल्यांच्या विचारातून सत्यशोधक जलसे निघाले. त्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि आत प्रबोधन भरले. त्यानंतर भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसा गावकुसाबाहेर नेला. लाल बावट्याने तोच साचा कामगार वस्तीत नेला. तमाशाच्या सुरुवातीच्या गणात गणपतीला वंदन असते. अण्णाभाऊंनी तिथे कष्टकऱ्यांना आणि हुतात्म्यांना वंदन आणले. हा बदल वरवर लहान दिसतो. पण पहिले वंदन कोणाला करायचे हे ज्याने ठरवले, त्याने पुढचा सगळा खेळ ठरवला.

सरकारलाही ही ताकद कळली होती. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आणली. तरी संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला तेव्हा हेच शाहीर रस्त्यावर होते. अण्णाभाऊंची लावणी अमर शेख गात आणि बेळगाव, कारवार, मुंबईचा प्रश्न निरक्षर माणसालाही समजत असे. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, त्यात शंभरावर हुतात्म्यांचे रक्त आहे आणि या शाहिरांचा घसाही आहे. गोवा मुक्तीसाठी ते गायले. १९६२ च्या चीन युद्धात देशासाठी निधी जमवायला ते गावोगाव फिरले.

अमर शेख फक्त गायक नव्हते. ‘अमरगीत’, ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे कवितासंग्रह आहेत, ‘पहिला बळी’ हे नाटक आहे. अत्र्यांनी त्यांची तुलना रशियाचा क्रांतिकवी मायकोव्हस्की याच्याशी केली होती. पडद्यावरही ते दिसले. १९६१ च्या मधुकर पाठक दिग्दर्शित ‘प्रपंच’ चित्रपटात सुलोचनाबाईंसोबत त्यांनी गरीब कुंभाराची भूमिका केली. अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’ चित्रपटातही त्यांनी काम केले. हा तोच चित्रपट, ज्याच्या मुहूर्ताला जानेवारी १९५४ मध्ये बाबासाहेब स्वतः हजर होते आणि ज्याला पुढे उत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रपती रौप्यपदक मिळाले.

आता अवघड मुद्द्याकडे येऊ. आपल्यातले काही जण म्हणतील, अमर शेख कम्युनिस्ट होते, मग आपला त्यांच्याशी संबंध काय? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. १९५२ च्या निवडणुकीत बाबासाहेबांचा मुंबईत पराभव झाला. तेव्हा कम्युनिस्टांनी घेतलेल्या भूमिकेची जखम आपल्या मागच्या पिढीने उराशी बाळगली आणि तिला कारण होते. जातीच्या प्रश्नाकडे त्या पक्षाने किती काळ पाठ फिरवली, हेही आपण विसरू नये.

पण इतिहास तिथेच थांबत नाही. संयुक्त महाराष्ट्र समितीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि कम्युनिस्ट एकत्र बसले. १९५७ ला दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर गेले ते त्याच लाटेत. पक्षाशी मतभेद ठेवूनही माणसाची किंमत करता येते, हे दादासाहेबांच्या पिढीला जमत होते. आम्हाला ते का जमू नये?

समाजशास्त्राचे विद्यार्थी म्हणून आम्हाला इथे एक गोष्ट दिसते. आपल्याकडे थोर माणसाची आठवण त्याची जात टिकवते. समाज वर्गणी काढतो, फोटो लावतो, मिरवणूक नेतो. ज्याच्यामागे असा समाज उभा नाही, त्याची जयंती पोरकी होते. अमर शेखांनी स्वतःला जातीधर्मात बसवून घेतले नाही, म्हणून कोणत्याच मंडळाच्या बॅनरवर त्यांचा फोटो नसतो. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन आहे, हे चांगले आहे. पण विद्यापीठातले अध्यासन आणि वस्तीतली आठवण यांत फरक असतो. जातीअंताची भाषा बोलणाऱ्या आपणच जर जात पाहून जयंती करणार असू, तर चूक आपली आहे.

शिवाय हे घर आपल्यापासून दूर नाही. त्यांची कन्या मल्लिका अमर शेख या स्वतः मोठ्या कवयित्री. दलित पँथरचे संस्थापक नामदेव ढसाळ यांच्याशी त्यांचे लग्न झाले. ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ या आत्मकथनात त्यांनी वडिलांच्या घरातल्या बालपणाबद्दल लिहिले आहे आणि त्या संसारातले कडू अनुभवही काही न लपवता मांडले आहेत. चळवळीतल्या प्रत्येक तरुणाने, विशेषतः मुलांनी, ते पुस्तक वाचावे. मंचावर समतेच्या घोषणा देताना घरातल्या बाईचे काय चालले आहे, हे तिथे वाचायला मिळते.

आज आपल्या जयंत्यांमध्ये डीजेच्या भिंती उभ्या राहतात. छातीत धडधड होते, म्हातारी माणसे घरात दार लावून बसतात आणि शब्द एकही कळत नाही. एक डफ, एक गळा आणि सांगायला काहीतरी, एवढ्यावर या माणसाने महाराष्ट्र हलवला. डीजेचे एका रात्रीचे भाडे वाचवले तर वस्तीत वर्षभराची गायनशाळा चालवता येईल.

आम्ही एवढेच सुचवतो. येत्या २० ऑक्टोबरला सोलापूर, बार्शी, पंढरपूर, मंगळवेढा, जिथे आपले विहार आहे तिथे संध्याकाळी एक तास बसा. ‘कलश’ मिळवून वाचा. वस्तीतल्या एखाद्या आजीला तिच्या जात्यावरच्या ओव्या म्हणायला सांगा आणि त्या लिहून घ्या, कारण मेहबूबचा अमर शेख तिथेच घडला. शेजारच्या मोहल्ल्यातल्या मित्रांनाही बोलवा. माईक लावू नका. गळ्यात दम असेल तर आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो.

जयभीम!