४ शस्त्रक्रिया, कमरेला पट्टा, तरीही पाठ आखडलेलीच! जॉन केनेडींना अखेर कशाने आराम पडला?

अमेरिकेचे ३५वे अध्यक्ष जॉन एफ. केनेडी म्हटले की हसरा, तरुण, तंदुरुस्त नेता डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात काही दिवस त्यांना स्वतःच्या पायात मोजा घालणेही जड जायचे. हे दुखणे किती गंभीर होते, याचे तपशील इतिहासकारांना २००२ मध्ये वैद्यकीय कागदपत्रे पाहायला मिळाल्यावर समोर आले.

दुखणे कधी सुरू झाले?

केनेडी यांचा जन्म १९१७ चा. हार्वर्डमध्ये शिकताना फुटबॉल खेळताना पाठीला मार बसला, असे सांगितले जाते. १९४० मध्ये लष्कराने त्यांना वैद्यकीय कारणावरून नाकारले. पुढे वडिलांच्या ओळखीने ते नौदलात गेले. २ ऑगस्ट १९४३ रोजी सॉलोमन बेटांजवळ जपानी विनाशिकेने त्यांची पीटी-१०९ ही बोट चिरडली. भाजलेल्या सहकाऱ्याच्या लाइफ जॅकेटचा पट्टा दातांत धरून ते सुमारे साडेपाच किलोमीटर पोहत बेटावर पोहोचले. पाठीचे दुखणे त्यानंतर वाढत गेले.

शस्त्रक्रियांनी काय झाले?

१९४४ मध्ये मणक्यांमधील चकतीवर पहिली शस्त्रक्रिया झाली. १९४७ मध्ये ॲडिसन्स हा अधिवृक्क ग्रंथींचा आजार निघाला, त्यामुळे पुढची प्रत्येक शस्त्रक्रिया जास्त धोक्याची झाली. ऑक्टोबर १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये धातूची पट्टी बसवून मणके जोडण्यात आले. जंतुसंसर्ग झाला, केनेडी कोमात गेले आणि धर्मगुरूंना बोलावून अखेरचे विधीही उरकले गेले. ते वाचले, पण फेब्रुवारी १९५५ मध्ये ती पट्टी काढावी लागली. १९५७ मध्ये पू काढण्यासाठी चौथ्यांदा शस्त्रक्रिया झाली. वेदना मात्र तिथेच होत्या.

पट्टा आणि इंजेक्शने

१९५५ पासून डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी आखडलेल्या स्नायूंत बधिर करणारी इंजेक्शने द्यायला सुरुवात केली. केनेडी यांची ती प्रसिद्ध झुलती खुर्चीही त्यांच्याच सल्ल्याची. याने तात्पुरता आराम मिळे. मे १९६१ मध्ये कॅनडात ओटावा येथे वृक्षारोपण करताना पाठ पुन्हा धरली आणि अध्यक्षांच्या हाती कुबड्या आल्या.

क्राउस यांनी काय वेगळे केले?

ऑक्टोबर १९६१ मध्ये डॉ. हान्स क्राउस यांना बोलावण्यात आले. व्हिएन्नात शिकलेले हे डॉक्टर स्वतः पट्टीचे गिर्यारोहक होते. तपासणीत त्यांना दिसले, की केनेडी यांचे स्नायू दुबळे आहेत आणि ताठही. त्यांनी व्हाइट हाउसच्या जलतरण तलावाशेजारच्या छोट्या व्यायामशाळेत आठवड्यातून ३ दिवस ताणाचे आणि ताकदीचे व्यायाम सुरू केले. इंजेक्शनेही थांबली. काही महिन्यांतच हालचाल मोकळी झाली. पट्टा मात्र पूर्ण सुटला नाही. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्येही तो कमरेला होता. पहिली गोळी लागल्यावर त्या पट्ट्यामुळेच ते ताठ बसून राहिले असावेत, असे काही डॉक्टर मानतात.

स्नायू आखडतात का?

उपलब्ध नोंदींवरून केनेडी यांचे दुखणे मुख्यतः यांत्रिक होते, म्हणजे मार, झिज किंवा ताणातून आलेले. अशा वेळी दुखऱ्या भागाला जपण्यासाठी स्नायू आवळले जातात. विश्रांतीने बरे वाटते, म्हणून माणूस हालचाल टाळतो. न वापरलेले स्नायू दुबळे होतात आणि थोड्या श्रमानेही पुन्हा आखडतात. क्राउस यांनी हेच चक्र तोडले.

प्रत्येक कंबरदुखी अशीच असते का?

नाही. दाहजन्य कंबरदुखीत कणा जिथे ओटीपोटाच्या हाडांना मिळतो, त्या सांध्यांना सूज येते. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस हे याचे ओळखीचे उदाहरण. त्याची लक्षणे अशी:

• दुखणे बहुधा ४५ वर्षांच्या आत आणि हळूहळू सुरू होते, ३ महिन्यांहून जास्त टिकते
• सकाळी अर्ध्या तासाहून अधिक वेळ कंबर ताठ राहते
• उत्तररात्री वेदनेने जाग येते
• विश्रांतीने नव्हे, हालचालीने आराम पडतो

इथेही व्यायाम लागतोच, पण तो पुरत नाही. सूज आटोक्यात ठेवणारी औषधे लागतात. उशीर झाला तर काहींचे मणके एकमेकांना कायमचे जुळतात. म्हणून अशी लक्षणे असतील तर संधिवाततज्ज्ञांना दाखवावे. पायातली ताकद कमी होणे, लघवीवरचा ताबा जाणे किंवा पाठदुखीसोबत ताप येणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

केनेडी यांच्या दिमतीला देशातले नामांकित डॉक्टर होते. तरीही पाठीचे स्नायू तपासून त्यांना रोजच्या कामाला लावण्यापर्यंत पोहोचायला जवळपास २० वर्षे गेली.