अनवाणी ज्यो : सन्मान द्यावा की नाही?



खेळाडू मोठा, पण हातून एक गंभीर चूक घडली. मग त्याला सर्वोच्च सन्मान द्यायचा का? अमेरिकेतले बेसबॉलप्रेमी हा वाद कित्येक वर्षं घालत आहेत. तो ज्यांच्यावरून चालतो, त्यांपैकी एक म्हणजे ज्यो जॅक्सन. आज त्याचीच गोष्ट.

ज्योचा जन्म दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या एका गरीब घरात झाला. वडील कापड गिरणीत कामाला. ज्योही सहा-सात वर्षांचा असतानाच गिरणीत लागला. शाळा राहिली ती राहिलीच. लिहिता-वाचता त्याला कधी आलं नाही. पण हातात बॅट आली की पोरगा वेगळाच! तेराव्या वर्षी तो गिरणीच्या संघात मोठ्या माणसांबरोबर खेळू लागला. पुढे एका सामन्यात नवे बूट चावले, पायाला फोड आले, म्हणून तो नुसत्या मोज्यांवर खेळला. तेव्हापासून ‘अनवाणी ज्यो’ हे टोपणनाव त्याला चिकटलं.

१९११ साली क्लीव्हलँड संघाकडून खेळताना त्याची सरासरी .४०८ होती. म्हणजे दर हजार संधींमागे ४०८ यशस्वी फटके. या खेळात दहात तीन जमले तरी फलंदाज चांगला समजतात! १९१५ मध्ये तो शिकागो व्हाइट सॉक्स संघात आला. १९१७ मध्ये हा संघ विजेता झाला.

मग आलं १९१९. अंतिम मालिकेत व्हाइट सॉक्स सिनसिनाटीकडून हरला. जुगाऱ्यांचे पैसे घेऊन मुद्दाम हरल्याचा आठ खेळाडूंवर आरोप झाला. त्यांत ज्यो होता. त्याने ५,००० डॉलर घेतले होते. पण त्याच मालिकेत त्याने १२ हिट मारले, सरासरी .३७५ राखली आणि क्षेत्ररक्षणात एकही चूक केली नाही. १९२१ मध्ये ज्यूरीने खटल्यातल्या खेळाडूंना निर्दोष ठरवलं. तरी दुसऱ्याच दिवशी आयुक्त लँडिस यांनी आठही जणांवर कायमची बंदी घातली.

पुढे ज्योने पगारासाठी संघावर दावा लावला. करारातलं एक कलम आपल्याला वेगळंच सांगून सही घेतली, असं त्याचं म्हणणं होतं. वाचता येत नसेल, तर माणूस दुसऱ्याच्या तोंडाकडेच बघणार ना!

कूपर्सटाउन इथल्या ‘हॉल ऑफ फेम’साठी १९३६ मध्ये पहिली निवड झाली. कारकिर्दीची सरासरी .३५६ असूनही ज्योला तिथे जागा मिळाली नाही. ५ डिसेंबर १९५१ रोजी तो ग्रीनव्हिल गावी वारला. १९९१ मध्ये तर बंदी असलेल्यांचा विचारच करायचा नाही, असा नियम झाला. मे २०२५ मध्ये मात्र मृत खेळाडूंवरची बंदी उठली. आता त्याचं नाव निवड समितीपुढे येऊ शकतं.

मला विचाराल तर, पैसे घेणं चूकच. अडाणीपणा ही काही सबब नाही. पण मेल्यावरही संपू नये इतकी ती शिक्षा असावी का? आणि सात वर्षांच्या मुलाला गिरणीऐवजी शाळा मिळाली असती तर?

वर्गात मुलांचे दोन गट करा आणि हा वाद घडवून आणा. ‘मला वाटतं’ एवढ्यावर थांबू देऊ नका. ‘का वाटतं’ हे नक्की विचारा.