विश्लेषण : विमान इंजिनांचा अभियंता मोटारसायकलकडे कसा वळला? ‘जीएस’ची पायाभरणी करणारे मॅक्स फ्रिट्झ कोण?

बीएमडब्ल्यूची ‘जीएस’ ही मोठी ॲडव्हेंचर बाइक लांबूनही ओळखू येते. टाकीखालून दोन्ही बाजूंना बाहेर आलेले सिलिंडर ही तिची खूण. ही रचना १९२३ सालची. ती कागदावर उतरवणारे मॅक्स फ्रिट्झ यांना मोटारसायकलचे मात्र फारसे आकर्षण नव्हते!

फ्रिट्झ यांचे मूळ काम कोणते?

१८८३ मध्ये दक्षिण जर्मनीतील उराख येथे जन्मलेले फ्रिट्झ १९०६ मध्ये डेमलर कंपनीत रुजू झाले. पहिल्या महायुद्धात ते म्युनिकच्या रॅप कंपनीत आले. तीच पुढे बीएमडब्ल्यू झाली. उंचावर हवा विरळ होते आणि इंजिनाचा जोर ओसरतो. फ्रिट्झ यांनी मोठे, जास्त दाबाचे इंजिन घेतले. जमिनीलगत त्याला पूर्ण हवा द्यायचीच नाही, उंचीवर गेल्यावर थ्रॉटल उघडायचा, अशी ती युक्ती. जून १९१९ मध्ये बीएमडब्ल्यूच्या इंजिनावर फ्रान्झ झेनो डीमर यांनी ९,७६० मीटरची उंची गाठली.

मग मोटारसायकल कशासाठी?

त्याच महिन्यात व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या आणि जर्मनीत विमान इंजिने बनवण्यावर बंदी आली. कारखान्यावर रेल्वेचे ब्रेक बनवण्याची वेळ आली. १९२२ मध्ये इंजिन विभाग आणि बीएमडब्ल्यू हे नाव दुसऱ्या कंपनीकडे गेले. ही कंपनी ‘हेलिओस’ नावाची मोटारसायकल बनवत होती आणि ती रडतखडत चालत होती. तिच्या इंजिनाचे सिलिंडर एकामागे एक होते. पुढच्याला वारा मिळे, मागचा तापे. ही गाडी सुधारण्याचे काम फ्रिट्झ यांच्याकडे आले. डागडुजी करण्याऐवजी त्यांनी नवी गाडीच आखली.

नेमके काय बदलले?

इंजिन आडवे फिरवले. दोन्ही सिलिंडर वाऱ्यात आले, एवढाच याचा फायदा नव्हता. आता क्रँकशाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेत आला. त्यामुळे गिअरबॉक्स थेट इंजिनाला जोडता आला आणि तिथून बंद शाफ्ट सरळ मागच्या चाकापर्यंत नेता आला. चेन गेली, तिचे तेलपाणीही गेले. समोरासमोरचे पिस्टन एकमेकांचे धक्के खातात, वजनही खाली राहते. अर्थात सिलिंडर आडवे बसवणारे फ्रिट्झ पहिले नव्हेत. ब्रिटनच्या ‘एबीसी’ने ते १९१९ मध्येच केले होते, पण चेन ठेवून. इंजिन, गिअरबॉक्स आणि शाफ्ट यांचा एकजीव मेळ ही फ्रिट्झ यांची कमाई.

सप्टेंबर १९२३ मध्ये, जर्मन चलनाच्या चिंध्या होत असताना, ही ‘आर ३२’ बर्लिनमध्ये मांडली गेली. ४९४ सीसी, साडेआठ अश्वशक्ती, वजन १२२ किलो. १९२६ पर्यंत अशा तीन हजारांवर गाड्या बनल्या.

‘जीएस’शी संबंध काय?

१९८० मध्ये ‘आर ८० जी/एस’ आली. यातला ‘जी’ म्हणजे खडबडीत रान, ‘एस’ म्हणजे रस्ता. ७९८ सीसी, ५० अश्वशक्ती आणि मागचे चाक एकाच भुजेवर. शाफ्ट त्याच भुजेत. वाळूत उघडी चेन झिजते, बंद शाफ्टला तो त्रास नाही. उबेर ओरिओल यांनी १९८१ मध्ये पॅरिस-डकार शर्यत बीएमडब्ल्यूवर जिंकली आणि आडदांड बाइकही वाळवंट पार करते हे दिसले. खोटही आहेच. गाडी आडवी पडली की सिलिंडर आधी आपटतात, म्हणून त्यांना गार्ड लावावे लागतात.

फ्रिट्झ यांचे पुढे काय झाले?

ते पुन्हा विमान इंजिनांकडे वळले. १९५४ मध्ये म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. १९६६ मध्ये, ‘जी/एस’ येण्याच्या १४ वर्षे आधी, त्यांचे निधन झाले. २०२३ च्या ‘आर १३०० जीएस’मध्ये गिअरबॉक्स इंजिनाखाली सरकला, सिलिंडर आणि शाफ्ट मात्र जागेवरच आहेत.