पुस्तकांची पेटी

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेचे आमचे शिबिर एका लहानशा गावी होते. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक आणि संध्याकाळी शाळेची साफसफाई असा क्रम असे. साफसफाई करताना एक दिवस तेथले लोखंडी कपाट उघडण्याचा योग आला. आत पाऊणशे-शंभर पुस्तके होती. गोष्टींची, प्राण्यापक्ष्यांची, शास्त्रज्ञांच्या चरित्रांची. प्रत्येकावर शिक्का आणि दाखल क्रमांक. पण कित्येकांची पाने एकमेकांना चिकटलेली. देवघेवीची वही कोरी होती. दारात पाचवी-सहावीच्या मुली एकमेकींच्या खांद्यावरून डोकावत होत्या. मी एक पुस्तक त्यांच्यापुढे केले, तर गुरुजींनी ते हळूच माझ्या हातून घेऊन पुन्हा आत ठेवले. पुस्तक हरवले तर भरपाई आपल्याला करावी लागते, असे ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. शिबिरभर त्यांनी आम्हाला स्वतःच्या घरून ताक पाठविले.

परत आल्यावर आमच्या ग्रंथपाल सरांकडे मी त्या गुरुजींची तक्रार केली. सरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सयाजीराव गायकवाडांचे एक जाडजूड चरित्र माझ्या हातात दिले. एवढे वाच आणि मग त्या गुरुजींना दोष दे, असे त्यांचे सांगणे. त्या वाचनातून हा लेख झाला आहे.

बडोद्याचे महाराज म्हटले की आपल्याला लक्ष्मीविलास राजवाडा आठवतो, डॉ. आंबेडकरांना दिलेली शिष्यवृत्ती आठवते. ग्रंथालयांचे नाव यादीत शेवटी येते. माझ्या मते ते पहिल्याने यायला हवे.

या राजाचा जन्म राजवाड्यात झालेला नाही. ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी काशीराव गायकवाड या शेतकऱ्याच्या घरी ते जन्मले. नाव गोपाळ. गायकवाडांच्या राजघराण्याशी नाते होते, पण ते दूरचे. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केले. गादीला वारस हवा होता, आणि खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाईसाहेब यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. त्यांनी गोपाळाची निवड केली. २७ मे १८७५ रोजी तो सयाजीराव झाला. वय बारा वर्षांचे, आणि अक्षरओळख जेमतेम!

येथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले होते. ज्या वयात आपण सातवीचे धडे घोकत होतो, त्या वयात हा मुलगा बाराखडीपासून सुरुवात करतो. आणि ती एका भाषेची नव्हे. मराठी घरची, गुजराती प्रजेची, शिवाय उर्दू आणि इंग्रजी. एलियट नावाचे इंग्रज शिक्षक त्यांच्यासाठी नेमले गेले. दिवाण सर टी. माधवराव राज्यकारभाराचे पाठ देत. सहा वर्षांत, १८८१ च्या डिसेंबरात, अठरा वर्षांच्या सयाजीरावांच्या हाती राज्याचे पूर्ण अधिकार आले. पुस्तकाची किंमत त्यांना इतकी कळली याचे मूळ या सहा वर्षांत असावे, असे मला वाटते. जो लहानपणापासून वाचतो त्याला वाचता न येणे म्हणजे काय हे ठाऊक नसते. यांना ते ठाऊक होते.

पुढे १८८५ मध्ये पहिल्या पत्नी चिमणाबाई वारल्या. महाराजांची प्रकृती बिघडली, निद्रानाशाने त्यांना ग्रासले, आणि १८८७ पासून युरोपच्या वाऱ्या सुरू झाल्या. वाचनाची भूक मात्र वाढतच गेली. पुस्तके वाचून दाखविण्यासाठी ते 'रीडर' ठेवीत. १८८९ मध्ये या जागेवर आलेले एक तरुण म्हणजे गोविंद सखाराम सरदेसाई, आपले रियासतकार! मराठ्यांच्या इतिहासाचे ते थोरले खंड बडोद्याच्या नोकरीतच लिहायला घेतले गेले. इतिहास हा माझा विषय असल्यामुळे हे लिहिल्यावाचून राहवले नाही.

आता मुख्य गोष्ट. १८९३ मध्ये महाराजांनी अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो कायदा सगळ्या संस्थानाला लावला. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड होई. हिंदुस्थानात त्या काळी दुसरीकडे कोठे असे धाडस झालेले नव्हते. पण शाळा सक्तीची केली म्हणून प्रश्न सुटत नाही हे लवकरच ध्यानात आले. मूल चार बुके शिकते, शाळा सोडते, औताच्या मागे जाते. घरात छापलेला कागद म्हणून दृष्टीस पडत नाही, आणि शिकलेले अक्षर दोन-चार पावसाळ्यांत धुऊन जाते. दंड करून मुलाला शाळेत बसविता येते. त्याला वाचायला लावील असा दंड अजून निघायचा आहे!

१९१० मध्ये महाराज अमेरिकेत गेले. तेथे सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली आणि न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बडोद्यास आणले. बोर्डन तीन वर्षे राहिले. या तीन वर्षांत ग्रंथालयांचे वेगळे खाते निघाले, १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी वर्ग सुरू झाला, आणि १९१२ पासून इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत मजकूर असलेले 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक निघू लागले. राजवाड्यातील आपला सुमारे २०,००० पुस्तकांचा खासगी संग्रह महाराजांनी मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकला. हा सारा राजधानीचा थाट झाला. मला मोह पडला तो पेटीचा.

लाकडी पेटीत मोजकी पुस्तके भरायची, कुलूप लावायचे आणि ती गावोगावी पाठवायची. गावाने ती वाचून झाली की परत करायची आणि दुसरी मागवायची. ने-आण करण्याचा खर्च संस्थानाचा. ही फिरती ग्रंथालये १९११ पासून सुरू झाली. ज्या गावाला स्वतःचे ग्रंथालय हवे असेल त्याच्यासाठी तिहाईचा नियम होता. गावाने वर्षाला जेवढी रक्कम उभी करायची, तेवढीच जिल्ह्याच्या मंडळाने घालायची आणि तेवढीच सरकारने. खेड्याला या रीतीने प्रत्येकाकडून शंभर रुपयांपर्यंत मिळू शकत. म्हणजे गावाने हात हलविला नाही तर सरकारही हलत नसे. पहिल्या वाचनात हे मला कंजूषपणाचे वाटले. नंतर लक्षात आले की ज्या पुस्तकात गावाचा पैसा आहे ते पुस्तक गावाचे होते; सरकारी मालमत्ता राहत नाही. आणि जी मालमत्ता सरकारी, तीच सांभाळताना गुरुजींचा हात थरथरतो.

खेड्यातले ग्रंथालय पुष्कळदा शाळेच्याच खोलीत असे आणि तेथला शिक्षकच ते चालवी. दिवसा मुले, संध्याकाळी त्यांचे बाप. पण शिक्षक एकटा नसे. गावची समिती पाठीशी असे, बडोद्याहून पेट्या येत, खात्याचे लोक येऊन पाहून जात. खात्याच्या दुसऱ्या एका शाखेकडे जादूचे कंदील आणि सिनेमाची यंत्रे होती. अक्षर न येणाऱ्यांनाही ती गावोगावी फुकट चित्रे दाखवी.

आणि एक माणूस असा होता की त्याचे नाव बोर्डनसाहेबांच्या झगमगाटात मागे पडते. वसो गावचे मोतीभाई अमीन. पेशाने शिक्षक. अमेरिकेचे ग्रंथपाल येण्यापूर्वीच या गृहस्थांनी खेड्यापाड्यांतील तरुणांना जमवून मित्रमंडळे काढली होती आणि त्यांच्यामार्फत वाचनालये चालविली होती. महाराजांनी त्यांना आपल्या ग्रंथालय खात्यात घेतले. राजाला जे हुकूम काढून जमत नाही ते गावचा मास्तर चार पोरे हाताशी धरून करतो, हे ओळखण्याचे शहाणपण सयाजीरावांपाशी होते. गुजरातेत ग्रंथालय चळवळीचे जनक म्हणून आज मोतीभाईंचेच नाव घेतात, आणि ते योग्यच आहे.

मुलांसाठी बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात स्वतंत्र खोली होती. तीत पुस्तकांबरोबर चित्रे होती आणि खेळही होते. ग्रंथालयात खेळ! आपल्याकडे 'शांतता राखा' ही पाटी आधी लागते आणि पुस्तके मागाहून येतात. मुलांच्या हाती द्यायला पुस्तके तरी कोठून आणायची, हा प्रश्नही महाराजांनी सोडला नाही. १९१२ मध्ये त्यांनी दोन लाख रुपये बाजूला काढले आणि त्यांच्या व्याजातून मराठी-गुजराती पुस्तके निघू लागली. मोठ्यांसाठी 'श्री सयाजी साहित्यमाला' आणि लहानांसाठी 'श्री सयाजी बालज्ञानमाला'. लेखक, छापखाना, ग्रंथपाल, शाळामास्तर असे सगळे एका दोरीत ओवले गेले.

हे सारे चालले होते तेव्हा महाराजांचे स्वतःचे दिवस सुखाचे नव्हते. १९०८ मध्ये थोरले चिरंजीव फत्तेसिंहराव गेले. पुढे आणखी दोन मुलगे त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे नीट लवले नाहीत म्हणून इंग्रजांची मर्जी खप्पा झाली. त्याच वर्षी खेड्यांना पेट्या निघाल्या होत्या, हे वाचून मला गंमत वाटली.

पण केवळ गुणगान करून थांबले तर सरांना आवडणार नाही, आणि मलाही. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर परदेशचे शिक्षण घेऊन बडोद्यास नोकरीसाठी आले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी वसतिगृहात उतरले; अकरा दिवसांनी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. महाराजांची शिष्यवृत्ती, महाराजांची नोकरी, आणि महाराजांच्याच शहरात ही गत! अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी सयाजीरावांनी खरोखर पुष्कळ केले होते. पण ज्या कामात शेजारीपाजारी सामील होत नाहीत, तेथे राजाचीही हुकमत उंबऱ्यापर्यंतच पोचते. ग्रंथालयांच्या बाबतीत गाव सामील झाले, येथे झाले नाही. या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवल्या आणि मला त्यांचे दुःख वाटले.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीराव वारले. मोतीभाईही त्याच वर्षी गेले. दहा वर्षांनी, १९४९ मध्ये, बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

चरित्र परत करायला गेले तेव्हा सरांनी काही विचारले नाही. मीच म्हटले की गुरुजींवरची तक्रार मागे घेते. मग वर्गातल्या मैत्रिणींकडून, दोन प्राध्यापकांकडून आणि सरांच्या ओळखीच्या एका पुस्तकविक्रेत्याकडून चाळीस पुस्तके जमविली आणि एका जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत भरली. गुरुजींना लिहून दिले की हरवलेल्या पुस्तकाची जबाबदारी आमची. दाखल रजिस्टरात यांची नोंदच करू नका. सरपंचांनी शाळेत एक फळी ठोकून दिली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ट्रंक एस.टी.च्या टपावरून गेली.

पहिल्या दीड महिन्यात दोन पुस्तके परत आली नाहीत. गुरुजींनी कळविले की त्यांतले एक सहावीतल्या मुलीच्या आईकडे आहे. तिचे अजून वाचून व्हायचे आहे. दुसऱ्याचा पत्ता नाही. कपाटाची किल्ली अजून गुरुजींच्याच खिशात असते. दुसरी ट्रंक दिवाळीच्या सुट्टीआधी न्यायची आहे, आणि तिच्यासाठी अजून अकरा पुस्तके कमी पडताहेत.