स्टोअरमधून रणांगणावर : परमवीर अब्दुल हमीद

कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद हे नाव आपल्या सगळ्यांना पाठ आहे. सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत १९६५ च्या युद्धाचा प्रश्न आला की पहिला हात याच उत्तरासाठी वर जातो. पण नावाआधीचे तीन शब्द आपण घाईघाईने म्हणून टाकतो. सहावी-सातवीतले जूनिअर मात्र तिथेच अडतात. हा हुद्दा अधिकाऱ्याचा की जवानाचा? क्वार्टरमास्टरचे काम काय? त्याला पगार किती? आणि जीपवरच्या तोफेने रणगाडा कसा फुटतो? अब्दुल हमीद यांचे चरित्र नीट पाहिले की या सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्यातच मिळतात.

त्यांचा जन्म १ जुलै १९३३ रोजी उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्यात धामूपूर या गावी झाला. वडील मोहम्मद उस्मान शिंपी होते. घरची परिस्थिती बेताची होती आणि अब्दुल हमीदही शिवणकामात वडिलांना मदत करत. कुस्तीची त्यांना आवड होती. शिलाई यंत्रावर बसून जन्म काढावा असे त्यांच्या मनात नव्हते. वयाच्या एकविसाव्या वर्षी, २७ डिसेंबर १९५४ रोजी, ते ग्रेनेडियर्स रेजिमेंटमध्ये भरती झाले.

ग्रेनेडियर्स ही ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतून आलेली जुनी रेजिमेंट. या रेजिमेंटमध्ये सर्वांत खालच्या हुद्द्याच्या सैनिकाला शिपाई म्हणत नाहीत, ग्रेनेडियर म्हणतात. तोफखान्यात त्यालाच गनर म्हणतात, सिग्नलमध्ये सिग्नलमन आणि इंजिनिअर्समध्ये सॅपर. नावे वेगळी असली तरी हुद्दा एकच. म्हणजे अब्दुल हमीद यांची सुरुवात ग्रेनेडियर म्हणून झाली. प्रशिक्षणानंतर त्यांना रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनमध्ये पाठवण्यात आले आणि शेवटपर्यंत तेच त्यांचे घर राहिले.

पुढची पायरी लान्स नाईक, बाहीवर एक फीत. मग नाईक, दोन फिती. मग हवालदार, तीन फिती. त्याच्या वर नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर हे जेसीओ असतात आणि त्यांच्याही वर लेफ्टनंटपासून सुरू होणारे अधिकारी. अब्दुल हमीद ही शिडी एकेक पायरी करून चढले. बटालियनसोबत ते आग्रा, अमृतसर, जम्मू-काश्मीर, दिल्ली आणि नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश, इतक्या ठिकाणी राहिले.

१९६२ मध्ये चीनशी युद्ध झाले तेव्हा ४ ग्रेनेडियर्स ही बटालियन नामका चू नदीच्या काठावर होती. जागा अतिशय अवघड होती. गरम कपडे, दारूगोळा आणि रसद, सगळ्याचाच तुटवडा होता. २० ऑक्टोबरला चिनी सैन्याने हल्ला केला. चारी बाजूंनी कोंडी झालेल्या या बटालियनने वाट काढली आणि पायी भूतानमधून मजल-दरमजल करत ती आसाममधल्या मिसामारीला पोहोचली. अब्दुल हमीद त्या तुकडीत होते. जवान शूर असूनही वेळेवर गोळी आणि शिधा मिळाला नाही तर काय होते, हे त्यांनी तिथे स्वतः पाहिले.

बटालियनच्या रणगाडाविरोधी तुकडीत त्यांनी पाच वर्षे काढली होती. १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस गन हे त्यांचे शस्त्र. फौजेत तिला आरसीएल म्हणतात. या तोफेवर त्यांचा नेम बटालियनमध्ये सर्वांत चांगला होता. पुढे ते हवालदार झाले आणि त्यांना कंपनीचे क्वार्टरमास्टर नेमण्यात आले.

इथे जूनिअर मुलांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येते. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार हा अधिकारी नसतो आणि जेसीओही नसतो. तो हवालदारच असतो आणि ती त्याची नेमणूक असते. कंपनीचे रेशन, कपडे, बूट, तंबू, दारूगोळा, भांडीकुंडी हे सगळे त्याच्या ताब्यात असते. किती आले, किती गेले, किती उरले, याचा हिशेब त्याने ठेवायचा. एक ब्लँकेट कमी पडले तरी जबाब त्यालाच द्यावा लागतो. आपल्या शाळेतल्या क्वार्टरमास्टर स्टोअरसमोर रांगेत उभे राहिलेल्या कोणालाही हे काम किती किचकट असते ते सांगायला नको. युद्धात हा माणूस साधारणपणे मागे असतो, कारण पुढच्या खंदकांत जेवण आणि गोळी पोहोचवणे ही त्याची जबाबदारी. हे काम कमी महत्त्वाचे नाही. नामका चूच्या अनुभवानंतर ४ ग्रेनेडियर्समध्ये तर ते कोणालाच कमी वाटले नसेल.

सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध पेटले. ४ ग्रेनेडियर्सला पंजाबात खेमकरण विभागात पाठवण्यात आले. या आघाडीवर पाकिस्तानने आपली पहिली आर्मर्ड डिव्हिजन आणली होती. तिच्याकडे अमेरिकी बनावटीचे पॅटन रणगाडे होते. वजन सुमारे ४५ टन, ९० मिलिमीटरची तोफ, आत चार-पाच जणांचा चमू. खेमकरणवरून पुढे सरकून बियास नदीवरचा पूल गाठायचा आणि अमृतसर तोडायचे, असा पाकिस्तानचा बेत होता. वाटेत असल उत्तर नावाचे गाव होते. त्याच्या आसपास आपल्या चौथ्या माउंटन डिव्हिजनने घोड्याच्या नालेसारखी बचावाची फळी उभी केली. ४ ग्रेनेडियर्सची जागा खेमकरण ते भिखीविंड रस्त्यावर चीमा गावाच्या पुढे होती.

बटालियनला त्या वेळी रणगाडाविरोधी तुकडीसाठी अनुभवी माणूस हवा होता. कमांडिंग ऑफिसरना अब्दुल हमीद यांचा नेम ठाऊक होता. त्यामुळे स्टोअर सांभाळणारे हवालदार पुन्हा आपल्या जुन्या तोफेकडे गेले.

आता ही तोफ समजून घेऊ, म्हणजे त्यांनी काय केले ते कळेल. साधी तोफ डागली की गोळा पुढे जातो आणि तोफ जोराने मागे ढकलली जाते. हा धक्का सोसायला तिला जड गाडा लागतो. रिकॉइललेस गनच्या काडतुसाला भोके असतात आणि तोफेची मागची बाजू वायू सुटायला मोकळी असते. गोळा पुढे जातो तेव्हा गरम वायू तितक्याच जोराने मागे सुटतो. दोन्हीकडचा जोर सारखा झाल्याने तोफेला धक्का जवळजवळ बसत नाही. म्हणून सुमारे २०० किलोची ही तोफ जीपवर बसवता येते. तिच्या नळीवर एक लहान रायफल असते. आधी त्या रायफलची गोळी झाडून नेम तपासायचा, ती निशाण्यावर बसलेली दिसली की लगेच मोठा गोळा सोडायचा.

फायदा मोठा, तसा धोकाही मोठा. मागे सुटणाऱ्या वायूने धुळीचा लोट उठतो आणि आगीचा झोत दूरवरून दिसतो. म्हणजे पहिला गोळा सुटताच शत्रूला आपली जागा कळते. रणगाड्यातल्या माणसाभोवती जाड पोलाद असते, जीपवाल्याभोवती काहीच नसते. म्हणून आरसीएल चालवणाऱ्याचा नियम एकच: लपून जवळ येऊ द्यायचे, अचूक मारायचे आणि ताबडतोब जागा बदलायची. पहिला नेम चुकला तर दुसरी संधी मिळेलच असे नाही.

८ सप्टेंबरला पाकिस्तानी रणगाडे चालून आले. शेतांत उंच ऊस आणि कापूस उभा होता. आपल्या सैन्याने कालव्यांचे पाणी शेतांत सोडल्याने जमिनीचा चिखल झाला होता आणि जड पॅटन त्यात रुतू लागले. उसाच्या आडोशाने आपल्या तोफा आणि रणगाडे टपून बसले होते. ८ आणि ९ तारखेला अब्दुल हमीद यांच्या जीपने आपले काम चोख केले.

१० सप्टेंबरच्या सकाळी ८ वाजता पाकिस्तानने पॅटन रणगाड्यांची एक पूर्ण रेजिमेंट चीमा गावापुढच्या जागेवर सोडली. आधी तोफखान्याचा जबरदस्त भडिमार झाला. ९ वाजेपर्यंत रणगाडे आपल्या पुढच्या मोर्च्यांत घुसले होते. परिस्थिती हाताबाहेर चालली आहे हे अब्दुल हमीद यांनी ओळखले. ते जीप घेऊन बाहेर पडले आणि गोळ्यांच्या वर्षावातून रणगाड्यांच्या बगलेला गेले. रणगाड्याचे पोलाद समोरून सर्वांत जाड आणि बाजूला पातळ असते, म्हणून बगलेची जागा मोलाची. त्यांनी सर्वांत पुढचा रणगाडा उडवला. झटकन जागा बदलली आणि दुसरा पेटवला. आता शत्रूने त्यांना हेरले होते. आसपासच्या रणगाड्यांनी त्या एका जीपवर मशीनगन आणि स्फोटक गोळ्यांचा मारा सुरू केला. त्यांनी आणखी एका रणगाड्यावर नेम धरला आणि तोफ चालवत राहिले. त्याच वेळी शत्रूचा गोळा येऊन पडला आणि ते धारातीर्थी पडले. वय होते ३२ वर्षे.

त्यांनी एकूण रणगाडे किती फोडले, यावर आपल्या वसतिगृहात वाद होतात, कारण प्रत्येक पुस्तकात आकडा वेगळा. त्याचे एक कारण सरळ आहे. परमवीर चक्राच्या मानपत्रात १० तारखेच्या सकाळचेच वर्णन आहे. आधीच्या दोन दिवसांचे रणगाडे धरले की संख्या वाढते. आकडा कोणताही घ्या, ४ ग्रेनेडियर्सची जागा शत्रूला घेता आली नाही. असल उत्तरच्या लढाईत पाकिस्तानने ९० हून अधिक रणगाडे गमावले. भिखीविंडजवळ पकडलेले आणि मोडलेले रणगाडे ओळीने उभे केले, तेव्हा त्या जागेला पॅटन नगर असे नाव पडले. असल उत्तर या गावाच्या नावाचा अर्थ मराठी माणसालाही वेगळा सांगावा लागत नाही.

२६ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते अब्दुल हमीद यांच्या पत्नी रसूलन बीबी यांनी परमवीर चक्र स्वीकारले. काशाचे हे पदक आणि त्यावरची इंद्राच्या वज्राची चार चिन्हे सावित्रीबाई खानोलकर यांच्या कल्पनेतून आली. जन्माने त्या युरोपातल्या, पण एका मराठी सेनाधिकाऱ्याशी लग्न करून त्या पूर्ण भारतीय झाल्या होत्या.

आता पगाराचा प्रश्न. फौजेत पगार हुद्दा आणि सेवेची वर्षे पाहून ठरतो. सातव्या वेतन आयोगानुसार शिपायाचे मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून, हवालदाराचे २९,२०० पासून आणि लेफ्टनंटचे ५६,१०० पासून सुरू होते. लष्करी सेवा वेतन आणि भत्ते त्याशिवाय. म्हणजे हवालदार आणि अधिकारी यांच्या पगारात बरेच अंतर आहे. परमवीर चक्राच्या भत्त्यात मात्र असे अंतर नाही. २०१७ मध्ये तो दरमहा २०,००० रुपये झाला आणि तो ग्रेनेडियरला जितका, तितकाच कर्नललाही. १९६५ च्या युद्धात दोनच परमवीर चक्रे दिली गेली. एक हवालदार अब्दुल हमीद यांना आणि दुसरे पूना हॉर्सचे कमांडर लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांना. आजवरच्या २१ परमवीरांत १२ अधिकारी आहेत आणि ९ जेसीओ व जवान. एकट्या ग्रेनेडियर्सचे तीन परमवीर आहेत: मेजर होशियार सिंग, कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद आणि ग्रेनेडियर योगेंद्र सिंग यादव. तीन माणसे, तीन हुद्दे आणि पदक एकच.

हे मी मुद्दाम लिहितो आहे. आपल्या शाळेत बऱ्याच जागा जवान आणि जेसीओंच्या मुलांसाठी राखीव आहेत. माझे वडीलही हवालदार आहेत. नवीन मुलाला पहिला प्रश्न विचारतात तो वडिलांच्या रँकचा, आणि उत्तर देताना काही जणांचा आवाज उगाच खाली जातो. आपल्यातले बहुतेक जण एनडीएची तयारी करत आहेत. आपण अधिकारी झालो तर आपल्याही कंपनीत एक क्वार्टरमास्टर हवालदार असेल. त्याच्या वहीवर सही करताना त्याच्या हाताला आणखी काय काय येते, हे आपल्याला माहीत असायला हवे. ४ ग्रेनेडियर्सच्या कमांडिंग ऑफिसरना ते माहीत होते, म्हणून ऐनवेळी त्यांना योग्य माणूस सापडला.

असल उत्तरला अब्दुल हमीद यांची समाधी आहे आणि दरवर्षी १० सप्टेंबरला तिथे त्यांना मानवंदना दिली जाते. २००० साली टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. त्यावर त्यांच्या चेहऱ्यासोबत तोफ बसवलेली जीपही आहे. २०२३ मध्ये अंदमान-निकोबारच्या २१ बेटांना परमवीरांची नावे दिली गेली, त्यातले एक बेट त्यांचे आहे. पुढच्या वेळी कुठल्या जूनिअरने विचारले, की अब्दुल हमीद अधिकारी होते का, तर त्याला पूर्ण हुद्दा सावकाश म्हणून दाखवा आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगा.

जय हिंद!