बॅक गिअरमधला माणूस : लक्ष्मणराव किर्लोस्कर

फर्स्ट इयरचं वर्कशॉप आठवतंय ना? आमच्या बॅचच्या वाट्याला आलेलं लेथ इतकं जुनं होतं की नावाची पाटीसुद्धा घासून गेली होती. तीन पायऱ्यांची कोन पुली, पट्टा हातानेच सरकवायचा. नर्लिंगसाठी स्पीड कमी हवा होता, म्हणून मी ऐटीत मागचा दांडा ओढला आणि मशीन चालू केलं. लेथ जागच्या जागी जाम! पट्टा घसरून जळका वास सुटला. अख्खी बॅच गोळा झाली. बुल गिअरची पिन काढायचीच राहिली होती.

गंमत अशी आहे की कोन पुली स्पिंडलवर मोकळी असते, बुल गिअर मात्र स्पिंडलला पक्का. पिन आत असली की दोघं एकत्र फिरतात. पिन बाहेर काढून मागचा शाफ्ट जवळ आणला की पुलीचा लहान गिअर मागच्या मोठ्याला फिरवतो, आणि मागचा लहान गिअर बुल गिअरला. दोनदा कपात. स्पीड कितीतरी पटीने उतरतो आणि जवळपास त्याच प्रमाणात जोर वाढतो. तीनाचे सहा स्पीड होतात. पिनही आत आणि बॅक गिअरही जोडलेला, असं केलं की माझ्यासारखी फजिती. म्हणून आधी मशीन बंद, मग पिन बाहेर, चक हाताने हलवत दात बसवायचे आणि मगच चालू. (व्हायवाला हमखास विचारतात!) हा बॅक गिअर १८१७ मध्ये मँचेस्टरच्या रिचर्ड रॉबर्ट्सने आपल्या लेथवर बसवला होता.

शेजारच्या लेथवर मात्र नाव ठळक होतं, किर्लोस्कर. नाव लहानपणापासून पंपावर वाचलेलं, पण माणूस कोण ते ठाऊक नव्हतं. लायब्ररीत शोधलं आणि सबमिशन बाजूला राहिलं.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. शाळेत मन नाही, चित्रकलेची मात्र हौस. थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले. तिथे कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. चित्रकार होणं संपलं. पण यंत्रांच्या ड्रॉइंगला रंग कुठे लागतात? ते तिकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवायला लागले. वर्कशॉपमधलं ज्ञान त्यांनी तिथेच हाताने मिळवलं. इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याकडे नव्हती. (केटीवाल्यांनी फार खूश होऊ नये, त्यांनी प्रॅक्टिकल कधी बुडवलं नसणार!) पुढे हक्काची बढती डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावला भावाबरोबर सायकलींच्या धंद्यात पूर्ण लक्ष घातलं.

तिथल्या छोट्या वर्कशॉपात आधी कडबा कापायचं यंत्र झालं, मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. खरी परीक्षा इथे सुरू झाली. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. नांगर तयार, घेणारा कोणी नाही. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली! मुरबाडकडे आमच्या घरी वळचणीला आजोबांचा लाकडी नांगर अजून आहे. भाताच्या चिखलात लोखंडी नांगर नको, असं ते शेवटपर्यंत म्हणत, त्यामुळे मला ते शेतकरी अडाणी वाटत नाहीत. एका हंगामाची चूक म्हणजे वर्षाचं पोट. लक्ष्मणरावांनीही त्यांच्याशी भांडण काढलं नाही, थांबले. स्पीड उतरला होता, जोर नाही.

धंदा जरा रुळावर येतोय तोच बेळगावच्या नगरपालिकेने जागा खाली करायला सांगितलं. फाउंड्री उचलून न्यायची कुठे? त्या सुमारास त्यांच्याकडे औंध संस्थानात बांधकामाचं काम होतं. औंधच्या राजेसाहेबांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन दिली आणि बिनव्याजी दहा हजार रुपयेही. जमीन म्हणजे निवडुंग आणि साप. १० मार्च १९१० रोजी तिथे मुक्काम पडला, तीच किर्लोस्करवाडी. हाताशी रामूअण्णा, डिझाइनमध्ये मुरलेले शंभूराव जांभेकर आणि मूठभर कामगारांची कुटुंबं. वस्तीत शिवाशिव पाळायची नाही, असा कडक दंडक होता. १९१० साली हे किती अवघड असेल ते आपल्या गावाकडची जुनी माणसं सांगतील.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येईनासं झालं. कारखान्यात ऑर्डरी आहेत आणि ओतायला धातू नाही! तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले. माझ्या मते या चरित्रातलं सगळ्यात भारी दृश्य हेच.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. पुढे पंप आले, इंजिनं आली. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून आला. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानातल्या हरिहरला लेथ बनवणारा कारखाना निघाला. तो आता बंद आहे, पण त्याची लेथ किती वर्कशॉपांत अजून फिरतात ते शहापूर-मुरबाडच्या कोणत्याही टर्नरला विचारा.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. कुंडल रोड स्टेशनचं नाव किर्लोस्करवाडी झालं. आमचं बिनपाटीचं लेथही चालू आहे. गुरुवारी त्यावर आटे पाडायचे आहेत, पिन मी आधीच बघणार आहे.