डॉक्टरीण रखमाबाई

आपल्या मंडळातल्या कुणाच्या सुनेला दिवस गेले, की पहिला प्रश्न हाच, नाव कुठल्या इस्पितळात घातले? मग कार्ड निघते, वजन होते, धनुर्वाताची सुई होते, आणि मूल जन्मले की २१ दिवसांच्या आत त्याची नोंद. माझ्या सासूबाई कोकणात घरीच जन्मल्या. त्यांची जन्मतारीख कुठेही लिहिलेली नाही. होळीच्या आधी दोन दिवस, एवढेच ठाऊक. इस्पितळात बाळंत व्हायला बायका फार भीत असत. ती भीती घालवायला जन्म वेचलेल्या डॉ. रखमाबाई आपल्याच मुंबईच्या, म्हणून त्यांच्याविषयी लिहिते.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा. आई जयंतीबाई अगदी कोवळ्या वयात आई झाल्या आणि लवकरच विधवाही. पुढे त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. हे गृहस्थ डॉक्टर, शिवाय वनस्पतींचे मोठे जाणकार. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिले, पण मुलगी माहेरीच राहिली. तिथे ती पुस्तके आणवून वाचू लागली.

१८८४ साली दादाजींनी नांदायला यावे म्हणून कोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये पिन्हे साहेबांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. त्यावर अपील झाले, आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम सुटला, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करला! अजाणत्या वयात, आपल्याला न विचारता झालेले लग्न त्या मानायला तयार नव्हत्या. केसरीने त्यांच्यावर सडकून टीका केली. तेवीस वर्षांची बाई घरात बसून हे सारे कशी सोसत असेल, त्याची कल्पना आपण बायकांनीच करावी. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली, तुरुंग टळला.

बोरीबंदरजवळचे कामा इस्पितळ १८८६ साली बायकांसाठी उघडले होते. तिथल्या डॉ. एडिथ पीची यांनी रखमाबाईंना धीर दिला, मदत मिळवून दिली. १८८९ साली त्या लंडनला बायकांच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या. पुढच्याच वर्षी त्यांना सुरतेच्या जनाना इस्पितळाचे काम मिळाले.

इस्पितळ होते, डॉक्टरीणबाई होत्या, पण बाळंतीण येईना. बाळंतपण म्हणजे अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हाती, सोयर पाळून करायची गोष्ट. इस्पितळात गेलेली परत येत नाही, हीच समजूत. मूल आडवे आले तरी घरचे हलवत नसत. सांगतात की, रखमाबाईंनी मग एका गाभण शेळीचे बाळंतपण इस्पितळात केले. शेळी नि करडे सुखरूप आहेत हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले, आणि हळूहळू बायका येऊ लागल्या. मला हे फार आवडते. भाषण देऊन हे झाले नसते. सुरतेला त्यांनी वीसेक वर्षे काढली. प्लेगमधल्या कामाबद्दल सरकारने त्यांना पदकही दिले. पुढे राजकोटला जनाना इस्पितळात त्या निवृत्त होईपर्यंत होत्या.

१९०४ साली दादाजी वारले, तेव्हापासून रखमाबाई विधवेसारखे पांढरे लुगडे नेसू लागल्या म्हणतात. जे लग्न तुरुंगाच्या भीतीनेही मानले नाही, त्याचे वैधव्य कशाला पाळायचे? मला तरी हे पटत नाही. पण लोकांची बोलणी त्यांनी आधीच पुष्कळ ऐकली होती.

निवृत्तीनंतर त्या मुंबईला परतल्या, पडद्याच्या चालीविरुद्ध बोलत राहिल्या, आणि २५ सप्टेंबर १९५५ रोजी नव्वदीत वारल्या. आपल्या मंडळातल्या आजीबाईंपैकी काहीजणी तेव्हा गिरगाव-गावदेवीत परकर नेसून शाळेत जात होत्या. त्यांना कधी रस्त्याने जाताना पांढऱ्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई दिसल्याही असतील.